थांबत चालणारे यंत्र

कोल्हापुरातील जुनी वाहने आणि ती पुन्हा उभी करणारे कारागीर यांविषयी काही लिहावे, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहिली ती वाड्यांच्या पागांतून जपून ठेवलेली, दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला बाहेर पडणारी राजेशाही वाहने. आणि त्यांच्याच शोधात मी वैशाखातल्या दोन रणरणत्या दुपारी शिवाजी उद्यमनगराच्या गल्ल्यांतून हिंडत होतो. परंतु माझी विचारपूस ऐकून एका लेथवाल्याने हातातले काम न थांबवता सांगितले, "त्या गाड्या काय, समदेच बघत्यात. तंबूवाल्याची गाडी बघा की." त्याने बोट दाखवले त्या दिशेला, एका ओतशाळेच्या मागील पत्र्याच्या छपराखाली, चाके काढून लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली जी वस्तू मी पाहिली, तिने संपादकांचा मूळ विषय माझ्या मनातून पुसून टाकला.

ती फिरत्या टॉकीजची गाडी होती. पुढे लांब नाक असलेली जुन्या घडणीची बेडफर्ड. मूळचे पेट्रोल इंजिन केव्हाच काढून त्या जागी डिझेलचे बसवलेले. आणि मागे, जिथे मालमोटारीचा हौदा असतो तिथे, सागवानी चौकटीवर पत्रा मारून बांधलेली एक खोली. या खोलीच्या मागच्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक चौकोनी खिडकी आहे. गावोगावच्या जत्रांत ही गाडी तंबूच्या एका टोकाला पाठमोरी उभी केली जाई, कनातीला त्या खिडकीपुरते भोक ठेवलेले असे, आणि रात्री त्या खिडकीतून निघालेला प्रकाशाचा झोत शेकडो माणसांच्या डोक्यांवरून पलीकडच्या पडद्यावर जाऊन पडे. खेळ संपला की हीच खोली निजण्याची होई. दिवसा तिच्यात स्टोव्ह पेटे, भात शिजे, तिकिटांचा हिशेब लिहिला जाई, आणि दुपार कलल्यावर टपावर कर्णा बांधून तीच गाडी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतून संध्याकाळच्या खेळाची दवंडी देत फिरे. भिंतीवर अंथरुणाच्या वळकट्या अडकवण्याचे आकडे अजून शाबूत आहेत, आणि एका फळीवर कुणीतरी खिळ्याने कोरलेली जत्रांची यादी आहे, जिच्यातली जोतिबा आणि पट्टणकोडोली एवढी दोनच नावे मला वाचता आली.

पश्चिमेकडे सहलीसाठी चाकांवरचे घर जन्माला आले ते हौसेपोटी आणि काही अंशी आरोग्यापोटी. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने, प्रकृतीच्या कारणास्तव आरमाराची नोकरी सोडल्यानंतर, १८८५ साली ब्रिस्टलच्या एका नामांकित वाघिणी बांधणाऱ्या कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची घोड्यांची घरगाडी करवून घेतली आणि तिच्यातून इंग्लंडपासून थेट स्कॉटलंडच्या उत्तर भागापर्यंत प्रवास केला. सहलीच्या घरगाड्यांची परंपरा तेथून धरतात. आपल्याकडे चाकांवरचे घर पोटासाठी बांधले गेले. दिवाळीनंतर निघून मृगाच्या आधी परतायचे, म्हणजे वर्षातले सात-आठ महिने याच गाडीत काढायचे, असा हा संसार होता. आणि म्हणूनच तिच्या डागडुजीकडे पाहताना मला एखादे वाहन दुरुस्त होत आहे असे न वाटता पडके घर पुन्हा नांदते होत आहे असे वाटत राहिले.

या धंद्याचा इतिहास मी येथे थोडक्यात सांगतो. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तंबू घेऊन हिंडणारे लोक निघाले. सुरतेचे अब्दुलअली युसुफअली यांनी १९०१ पासून आग्नेय आशियात आणि १९०८ पासून हिंदुस्थानात, शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद अशा तंबूत हजार हजार माणसांना चित्रपट दाखवले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली झळकला, आणि तो पाहून ज्यांचे चित्त स्थिर राहिले नाही त्यांत कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे दोघे मेस्त्री घराण्यातील चुलतभाऊ होते. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात दोघांची ख्याती होती, आणि त्या धंद्यावरूनच 'पेंटर' हे नाव त्यांना चिकटले. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि कॅमेरा विकत घेण्याइतके द्रव्य नाही, म्हणून तो आपणच घडवायचा, असा त्यांचा निश्चय झाला. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी ते सोडले नाही. विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याला हाताशी धरून १९१८ साली त्यांनी चालता कॅमेरा सिद्ध केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा जो मानस्तंभ उभा आहे तो या पराक्रमाचा. पुढे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून प्रभात निघाली, शांताराम, दामले, फत्तेलाल यांची नावे देशभर झाली, आणि हा सर्व वृत्तांत वाचकांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. मला त्यातली एकच गोष्ट येथे हवी आहे: या नगरीतले पहिले सिनेमायंत्र ज्या दोन हातांनी आरंभिले त्यांपैकी एक हात मध्येच गळून पडला, आणि शेजारच्या हाताने ते पुरे केले.

आता गाडीकडे वळतो. अथवा खरे सांगायचे तर गाडीच्या पोटात बसवलेल्या त्या वीतभर पेटीकडे, जिने मला सहा महिन्यांत पाच वेळा कोल्हापूरला आणले.

ही गाडी दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना सारे उद्यमनगर नुसते 'मेस्त्री' म्हणते आणि मीही तसेच म्हणेन. वय सत्तरीच्या पुढे, अंगात बनियन आणि वर खाकी शर्ट, शर्टाच्या खिशात काड्यापेटी नव्हे तर साखरेच्या गोळ्यांची पट्टी. तरुणपणी त्यांनी याच गाडीवर 'ऑपरेटर' म्हणून बारा हंगाम काढले, नंतर लेथवर बसले, आणि गाडीचा मालक निवर्तल्यावर त्याच्या मुलांनी ती पंचगंगाकाठच्या एका गावात गोठ्याशेजारी उभी करून ठेवली, तेव्हाही मेस्त्री वर्षातून एकदा जाऊन तिला तेल घालून येत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचे पाणी त्या गावात शिरले आणि गाडी कित्येक दिवस टपापर्यंत बुडून राहिली. पाणी ओसरल्यावर मुलांनी भंगारवाल्याला बोलावले. भंगारवाल्याने वजनाचा भाव सांगितला. आणि त्याच भावाने, स्वतःच्या पदरच्या पैशांनी, मेस्त्रींनी ती विकत घेतली.

"गाडी काय, कुणीबी करंल," पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले. "पत्रा हाय, लाकूड हाय, पाटे हायत. ह्ये बारकं हाय न्हवं, ह्ये अवघड." आणि त्यांनी फडक्यात गुंडाळलेली एक पोलादी वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. रुपयापेक्षा थोडी मोठी, चार खाचा असलेली, चार बाजूंनी आत वळलेली. देवघरातल्या पितळी फुलासारखी दिसणारी. धंद्यातले लोक तिला 'क्रॉस' म्हणतात. पुस्तकात माल्टा क्रॉस.

चित्रपटाची फीत यंत्रातून सरळ वाहत जाते असा आपला समज असतो, आणि माझाही होता. वस्तुतः ती वाहिली तर पडद्यावर नुसता राखाडी पट्टा दिसेल. प्रत्येक चित्र झरोक्यासमोर येऊन क्षणमात्र निश्चल उभे राहिले पाहिजे, मग अंधारात झटकन पुढे सरकले पाहिजे आणि दुसऱ्याने त्याची जागा घेऊन तितकेच निश्चल उभे राहिले पाहिजे. आणि हे एका सेकंदात चोवीस वेळा. एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या चाकाकडून असे थांबत थांबत चालणे करवून घ्यायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा क्रॉस. फिरत्या चकतीवर एक खिळा असतो. चकतीच्या एका फेऱ्यात तो एकदाच क्रॉसच्या खाचेत शिरतो, त्याला बरोबर पाव फेरा फिरवतो आणि बाहेर पडतो. उरलेल्या पाऊण फेऱ्यात चकतीची गोल कड क्रॉसच्या आत वळलेल्या बाजूला टेकून त्याला जागच्या जागी जखडून ठेवते. क्रॉसच्याच दांड्यावर सोळा दात्यांचे चाक असते, त्याचा पाव फेरा म्हणजे चार दाते, आणि फितीवर दर चित्राला चार भोके: म्हणजे एक पाव फेरा, एक चित्र. सेकंदाच्या शहाण्णवाव्या भागात चित्र सरकते आणि बत्तिसाव्या भागात उभे राहते. अडीच तासांच्या एका खेळात हा क्रॉस दोन लाख सोळा हजार वेळा झटका खातो आणि दोन लाख सोळा हजार वेळा थांबतो. हे गणित मी कागदावर मांडले तेव्हा मेस्त्री शांतपणे म्हणाले, "आनि दिसाला तीन ख्येळ."

एवढे झटके खाऊन खाचा झिजतात. झीज केसाएवढी असली तरी ती लपत नाही, कारण फितीवरचे सुमारे एकवीस मिलिमीटर रुंदीचे चित्र वीस फुटी पडद्यावर जाताना जवळजवळ दोनशे नव्वद पटींनी मोठे होते आणि त्याबरोबर चूकही मोठी होते. एक दशांश मिलिमीटरचा खेळ क्रॉसमध्ये आला की पडद्यावर जवळजवळ तीन सेंटिमीटर चित्र नाचू लागते. या यंत्रातला क्रॉस तर नुसता झिजलेला नव्हता. महापुराचा गाळ त्याच्या तेलाच्या पेटीत शिरून, वाळून, गंज धरून बसला होता. सुटा भाग मिळण्याची आशा उरली नव्हती. म्हणून मेस्त्रींनी तो घडवायचे ठरवले, आणि ठरवले त्याच वर्षी त्यांच्या डोळ्यांत मधुमेहाने रक्त उतरले.

येथे मला फाळक्यांची आठवण होते. पहिला चित्रपट काढण्यापूर्वी अहोरात्र चित्रपट पाहून आणि पुस्तके वाचून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती, आणि औषधोपचाराने ती परत आली. मेस्त्रींची दृष्टी तशी परत आली नाही. लेझरचे उपचार झाले, इंजेक्शने झाली, उजव्या डोळ्याला कडेकडेचे दिसते, डाव्याला उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो. ज्या माणसाने आयुष्यभर सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, हिशेबात नव्हे, तर त्या सुताच्याही शंभराव्या भागात काम केले, त्याला आता मायक्रोमीटरवरची रेघ वाचवत नव्हती.

तरीही पहिले दोन क्रॉस त्यांनी स्वतः घडवले. मी त्यांना दुसऱ्या क्रॉसवर काम करताना पाहिले आहे. पोलादाचा तुकडा लेथला लावलेला. डोळे मिटलेले, कारण मिटले नाहीत तर अर्धवट दिसणाऱ्या आकृत्या मन चळवतात असे त्यांचे म्हणणे. डाव्या हाताचा अंगठा खाचेच्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरतो आहे, आणि मान किंचित कलती करून ते हत्याराचा आवाज ऐकत आहेत. "डोळ्यानं न्हाई हो, कानानं कळतंय. क्रॉस बराबर असला का बोलत न्हाई. झिजला का बडबडतोय." पहिला क्रॉस पाणी देताना तडकला. दुसरा पेटीत बसवला, हाताने दांडा फिरवला, आणि तो इतक्या मृदुपणे, पिकलेल्या शेंगेतून दाणा सुटावा तशा आवाजाने फिरू लागला की शेजारच्या ओतशाळेतली दोन मुले काम टाकून ऐकायला आली.

त्या संध्याकाळी छपराच्या टोकाला धोतर बांधून पडदा केला. चाचणीसाठी फिल्म्स डिव्हिजनच्या शेतीविषयक अनुबोधपटाचे एक तुटके रीळ होते. एके काळी मुख्य खेळाआधी सरकारी हुकुमाने असले रीळ दाखवावेच लागे. चित्र उभे राहिले. ते नाचत नव्हते. मेस्त्रींनी कानाने ते आधीच ओळखले होते आणि चेहऱ्यावर हसू घेऊन ते खाली बसले होते. परंतु मी पाहत होतो, आणि मला दिसत होते की सुरुवातीच्या पांढऱ्या अक्षरांना वरच्या बाजूने शेपट्या फुटल्या आहेत, जणू ओल्या रंगावरून कुणी बोट ओढले आहे. हे त्यांना सांगावे की नाही, या विचारात मी असताना त्यांच्या सूनबाई, ज्या चहाचे कप गोळा करायला आल्या होत्या, पडद्याकडे बघत थांबल्या आणि म्हणाल्या, "मामा, सुई वर जायच्या आदीच कापड सरकाय लागलंय."

या वाक्याचा अर्थ मला कळायला थोडा वेळ लागला. मेस्त्रींना क्षणही लागला नाही. सूनबाई घरी शिलाई मशीन चालवतात. पोरींचे झंपर, शाळांचे गणवेश शिवतात. शिलाई मशीनमध्ये सुई कापडात असते तोवर कापड स्थिर राहते, आणि सुई वर गेली की खालचे दाते त्याला एक टाका पुढे ढकलतात. दाते लवकर उठले तर टाका ओढला जातो. सिनेमायंत्रात सुईचे काम प्रकाश करतो. चित्र सरकत असताना पुढची फिरती पाती झरोका झाकून उजेड अडवते. ती पाती किंचित मागेपुढे बसली असेल तर चित्र हलत असतानाच त्यावर उजेड पडतो आणि पांढऱ्या अक्षरांना शेपट्या येतात. क्रॉस निर्दोष होता. पाती अर्धा दाता चुकली होती, आणि ही चूक कानाला ऐकू येणारी नव्हती.

सूनबाईंना हे ठाऊक नव्हते, आणि मी त्यांना पुढच्या भेटीत सांगितले, की १८९४ च्या अखेरीस लुई ल्युमिएर यांना बरे नव्हते, झोप येत नव्हती, आणि अशा एका रात्री पडल्या पडल्या त्यांना फीत थांबत थांबत पुढे नेण्याची युक्ती सुचली ती शिलाई मशीन कापड पुढे नेते त्या रीतीवरून. त्या ऐकून हसल्या आणि करवीरच्या बायका बोलतात तसे पुल्लिंगी क्रियापद वापरून म्हणाल्या, "मग मी काय निराळं बोललो?"

त्या दिवसापासून सूनबाईंचे शिक्षण सुरू झाले. दुपारी शिवण आटोपून त्या छपराखाली येतात, पदर खोचून लेथसमोर उभ्या राहतात, मायक्रोमीटरवरचा आकडा मोठ्याने वाचतात, आणि मेस्त्री शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून आवाजावरून 'थांब', 'अजून जरा', 'आता सोड' एवढेच सांगतात. एकाचा डोळा आणि दुसऱ्याचा कान मिळून एक कारागीर. तिसरा क्रॉस या दोघांनी मिळून केला, आणि तो आज यंत्रात आहे.

येथवर लिहून हा लेख संपवता आला असता तर मला फार बरे वाटले असते. परंतु गाडी अजून उभी आहे, आणि तिच्यापुढच्या अडचणींची नोंद न करता तिचे कौतुक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिली अडचण मेस्त्रींच्या देहाची. श्रावणात त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लोखंडाचा कीस लागला. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली, त्यामुळे जखम झाल्याचे चार दिवस कळलेच नाही. कळले तेव्हा विष वर चढले होते. अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले, आणि इस्पितळात तीन आठवडे गेले. या काळात गाडीच्या चासीचे काम पूर्ण थांबले, कारण चासीखाली पाठीवर निजून रिव्हेट मारण्याचे काम जो मुलगा करत होता तो मेस्त्रींच्या देखरेखीशिवाय हात लावायला धजेना. आता डॉक्टरांनी त्यांना तासापेक्षा अधिक उभे राहण्यास आणि वजन उचलण्यास मनाई केली आहे. ते मनाई पाळतात असे मला सांगण्यात आले. मी गेलो तेव्हा ते एका पायात बूट आणि दुसऱ्या पायाला पट्टी अशा अवस्थेत पाट्यांचा बोल्ट आवळत होते, आणि सूनबाई त्यांना रागावत होत्या.

दुसरी अडचण लोखंड आणि लाकूड यांची. महापुराने चासीच्या दोन आडव्या पट्ट्या आतून खाल्ल्या आहेत. वरून रंग आणि आत भुसा. त्या बदलल्या. परंतु मागच्या खोलीची सागवानी चौकट खालच्या बाजूने कुजली आहे, आणि त्या मापाचे जुने, मुरलेले सागवान आणायचे तर त्याची किंमत मेस्त्रींनी गाडीसाठी मोजलेल्या रकमेहून अधिक होते. खालच्या तुळया बाभळीच्या घालाव्यात, बैलगाडीला चालते ती हिलाही चालेल, असा एक विचार आहे, आणि तो मला योग्य वाटतो. परंतु मेस्त्रींना मूळ लाकूडच हवे आहे, आणि या बाबतीत त्यांचा हट्ट कुणी मोडू शकलेले नाही.

तिसरी अडचण कागदांची, आणि मला सर्वांत अधिक काळजी तिची वाटते. जुन्या मालकाच्या दप्तरातील नोंदणीचा दाखला महापुरात भिजून लगदा झाला. जुन्या वाहनांना मान्यता देण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आहे. परंतु वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा, आणि त्याचा उपयोग व्यापारी कामासाठी होऊ नये, अशा त्याच्या अटी आहेत. जिचे इंजिन चाळीस वर्षांपूर्वी बदलले, जिच्या मालमोटारीच्या हौद्यावर खोली बांधली, आणि जिचा जन्मच तिकिटे विकण्यासाठी झाला, अशी गाडी या चौकटीत कुठे बसणार? राजवाड्यातील मोटार मूळ स्वरूपात राहते, कारण तिला काम करावे लागत नाही. कष्टाचे वाहन दर दहा वर्षांनी काही ना काही बदलत जाते, आणि ते बदल हाच त्याचा इतिहास असतो. नियमाच्या लेखी मात्र तो दोष ठरतो. शिवाय खेळ करायचा तर महाराष्ट्र सिनेमा (विनियमन) अधिनियम, १९५३ अन्वये परवाना हवा, अग्निशामक दलाचा दाखला हवा. आणि हे सारे अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढणे दोन बोटे गमावलेल्या पायाने सोपे नाही.

चौथी अडचण अशी की दाखवायचे काय? गेल्या काही वर्षांत चित्रपटांच्या फितीच निघेनाशा झाल्या. सारे संगणकाच्या तबकडीवर गेले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील जत्रांमधून अशा गाड्यांच्या मागे वर्षानुवर्षे फिरून केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कानच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि त्यात हेच दृश्य आहे: गंजत चाललेली यंत्रे, त्यांना जिवापाड जपणारी माणसे, आणि दाराशी येऊन ठेपलेला नवा प्रक्षेपक. मेस्त्रींपाशी आज दाखवण्याजोगी पाच रिळे आहेत. एका मराठी चित्रपटाची तीन, तीही सलग नसलेली, आणि दोन अनुबोधपट. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटे चालते. पाच रिळे म्हणजे तासाहून थोडे कमी. चैत्र पौर्णिमेला, जोतिबाच्या यात्रेच्या वाटेवर कुठेतरी गाडी उभी करून हा तासाभराचा खेळ फुकट दाखवावा, एवढीच त्यांची इच्छा आहे.

शेवटच्या भेटीत मी त्यांना विचारले, की प्रकृतीचे असे असताना हा व्याप का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी बघणार न्हाईच की आता. पोरं बघत्यात तवा जो आवाज हुतोय, त्यो ऐकायचाय."

दिवाळीपर्यंतची स्थिती अशी आहे. चासी पूर्ण झाली, पुढची चाके चढली, मागची चढायची आहेत. इंजिन दोनदा सुरू होऊन बंद पडले. खोलीचा पत्रा आला आहे, लाकूड यायचे आहे. मेस्त्रींच्या दुसऱ्या पायाला सूज आहे. यंत्र मात्र चालते, आणि सूनबाई आठवड्यातून दोनदा त्याला तेल घालून पाच-दहा मिनिटे रिकामे फिरवतात.

वाचकांना माझी एक विनंती आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांत अनेकांच्या गोदामांत, बंद पडलेल्या थिएटरांच्या माळ्यांवर, गोठ्यांत अशी यंत्रे आणि रिळांचे डबे अजून पडून आहेत. ते वजनावर देण्यापूर्वी एकदा उद्यमनगरात आणून दाखवावेत. मेस्त्री म्हणून विचारले तरी कोणीही घर दाखवील. आणि ते घरी नसले तर सूनबाईंना विचारावे, क्रॉस कसा पारखायचा हे आता त्यांनाही कळते.